टेलचा कोपरा

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कोणत्याही वस्तूची परीक्षा अंगठ्याने होते. टोमॅटो किती पिकलाय? अंगठा. मंचरच्या बाजारातला बटाटा आतून नासलाय का? अंगठा. सोयरीक बघायला गेलेले पाहुणेसुद्धा चहा येईपर्यंत नवऱ्या मुलाच्या बंगल्याच्या भिंतीला हळूच अंगठा लावून बघतात, प्लास्टर धरून आहे का ते. सही करायला शिकून आमच्या दोन पिढ्या झाल्या, पण अंगठ्यावरचा विश्वास काही उडाला नाही.

त्याच विश्वासाने मी टोमॅटोच्या रोपांसाठी प्लास्टिकचे ट्रे घ्यायला गेलो. दरवर्षी रोपवाटिकेतून रोपं आणायची, त्याऐवजी यंदा घरीच तयार करावीत, असा विचार डोक्यात आला होता. असले विचार माझ्या डोक्यात टोमॅटोचे भाव चढल्यावर येतात आणि माझा माल निघेपर्यंत भाव उतरतात. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा आमच्या शेतात कोथिंबीर होती.

दुकानदाराने ९८ कपांचा काळा ट्रे पुढे केला. मी त्याच्या कडेवर अंगठा दाबला. कड हलली नाही.

"जाड आहे ना?"

"जाड म्हणजे? उभे राहा त्याच्यावर!"

मी उभा राहिलो नाही, कारण तो मला उभं राहू देणार नाही असा माझा समज होता, आणि मी उभा राहणार नाही अशी त्याची खात्री होती. व्यवहार अशाच परस्परविश्वासावर चालतो. पन्नास ट्रे टेम्पोत टाकले.

कोकोपीट भरलं, बी टाकलं, पाणी मारलं. पंचविसाव्या दिवशी रोपं अशी तरारली की मी फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवले. मग पहिला ट्रे उचलला. रोपं माझ्या हातात राहिली आणि कोकोपीट माझ्या पायावर आलं. दुसरा उचलला, तेच. कपांच्या बुडाचे कोपरे कांद्याच्या पातीसारखे फाटले होते. कड मात्र जशीच्या तशी, ताठ, दुकानात होती तशी.

"रोपं लावायला नेताय की चाळायला?" बायकोने ओट्यावरून विचारलं.

फाटका ट्रे घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने शांतपणे त्याच कडेवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "बघा, जाड आहे." खोटं बोलला नाही. माझाही अंगठा खरा, त्याचाही खरा. दोघांचे अंगठे चुकीच्या जागी होते, एवढंच.

त्या रविवारी चाकणला प्लास्टिकच्या कारखान्यात काम करणारा माझा पुतण्या मासवडी खायला आला. आमच्याकडे शिकलेल्या माणसाचं शिक्षण मासवडीच्या वासाने गावाकडे परत येतं. त्याने ट्रे हातात घेतला, कड वाकवली, तिथे पांढरी रेघ उमटली. "पॉलिस्टायरीन," तो म्हणाला. मग ट्रे उलटा करून उन्हाकडे धरला. काळ्या ट्रेचे कोपरे चहासारखे तपकिरी दिसायला लागले. एका ट्रेचे ९८ कप आणि प्रत्येक कपाच्या तळाला चार चहाचे थेंब.

"काका, तुम्ही जाडी कुठं बघितली?"

"कडेला."

"कडेला कुणी काही ताणलंच नाही. तिथं जाडी असणारच."

मग त्याने सांगितलं ते असं. हा ट्रे साच्यात ओतून करत नाहीत. आधी प्लास्टिकची सपाट शीट घेतात, हीटरखाली तापवून मऊ करतात, साच्यावर ठेवतात आणि खालून हवा ओढून घेतात. शीट साच्यात बसते, गार होते, झाला ट्रे. या रीतीला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. दह्याचे कप, मिठाईच्या डब्यातले खणाखणाचे ट्रे, औषधाच्या गोळ्यांवरचे बुडबुडे, फ्रिजची आतली पांढरी भिंत, ही सगळी याच घराण्यातली मंडळी. या धंद्याचा कायदा एकच: वरून नवीन माल मिळत नाही. शीटमध्ये जेवढं प्लास्टिक आलं, तेवढ्यातच भिंती, बूड आणि कोपरे भागवायचे.

त्याने हिशेब मांडला. चार सेंटिमीटर लांब, चार रुंद आणि चार खोल असा चौकोनी खण धरा. शीटचा एक चौकोन खणाच्या तोंडावर बसला. आता त्याच्यातून चार भिंती आणि एक बूड करायचंय. म्हणजे एकाचे पाच चौकोन. शीट एक मिलिमीटरची असेल, तर खणाची सरासरी जाडी उरली ०.२ मिलिमीटर. ट्रेचे कप खाली निमुळते असतात म्हणून एवढी ओढाताण होत नाही, पण हिशेबाची रीत तीच.

"मग ०.२ धर. तेवढ्यात काम भागेल की," मी म्हणालो.

"सरासरी आहे ती काका. सरासरी काय, धरण साठ टक्के भरलं म्हणजे तुमच्या चारीला साठ टक्के पाणी येतं का?"

इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला भौतिकशास्त्र शिकवायचं असेल, तर ते कालव्यातूनच शिकवावं लागतं.

आमच्या कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं. कुकडीचा डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर जातो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याला पोचतो. निदान कालवा पोचतो. पाण्याचं तसं नाही. हेडचा, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचा शेतकरी रात्री मोटार लावतो, मधला दिवसा लावतो, आणि टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरी दिवसरात्र फोन लावतो. आम्ही हेडला, म्हणून आम्हाला हा प्रकार विनोदी वाटत आला.

ट्रेच्या कपात हुबेहूब हेच घडतं. गरम शीट खाली निघाली की साच्याच्या ज्या भागाला आधी टेकते, तिथेच गारठून बसते. गारठलेलं प्लास्टिक ताणलं जात नाही. आपली जाडी धरून ठेवतं. उरलेली शीट पुढे सरकते, तिच्यातला थोडा भाग भिंतीला टेकतो, तोही आपला हिस्सा घेऊन बसतो. सगळ्यांचं झाल्यावर राहतो बुडाचा कोपरा. दोन भिंती आणि तळ तिथे एकत्र येतात, शीट तिथे सगळ्यात शेवटी पोचते आणि तोवर तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. कोपरा म्हणजे कपाचा करमाळा.

साचा उलट करून बघितला तरी दैव फक्त जागा बदलतं. खड्ड्याच्या साच्याऐवजी उंचवट्याचा साचा घेतला आणि त्यावर शीट टोपीसारखी ओढली, तर शीट आधी माथ्याला टेकते, तो भाग जाड राहतो आणि खालच्या कडेला उपासमार होते. हेड आणि टेल बदलले, योजना तीच.

"म्हणजे सगळेच ट्रे कोपऱ्यात फाटणार?" मी विचारलं.

"नाही. माल कसा आहे त्यावर आहे," पुतण्या म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे बघायला लागला. मला वाटलं विषय संपला. पण तो आईच्या मासवडीकडे उदाहरण म्हणून बघत होता.

मासवडी ज्यांनी केली नाही, त्यांना वाटतं चव मसाल्यात आहे. ज्यांनी केली आहे, त्यांना ठाऊक असतं की सगळा खेळ बेसनाच्या थराचा आहे. बेसन शिजवून घट्ट करायचं, ओल्या फडक्यावर ओल्या हाताने चटचट थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळायचं. बेसन सैल राहिलं तर फडक्यावर पसरून जातं. गार झालं तर थापताना चिरतं. मधली वेळ एवढीशी. आई त्या वेळेत फोन घेत नाही, पाहुण्याला पाणी विचारत नाही, देवाचंसुद्धा नाव घेत नाही.

"पॉलिप्रॉपिलीन तसं आहे," पुतण्या म्हणाला. हे प्लास्टिक आतून स्फटिकांनी बांधलेलं असतं. १६० अंशांच्या आसपास ते वितळतं. त्याच्या बरंच अलीकडे ते कडक असतं, ताणायला जावं तर रुसतं. थोडं पलीकडे गेलं की एकदम ढिलं पडून स्वतःच्या वजनाने मधोमध झोळीसारखं लोंबतं. एकदा झोळी झाली की मधला भाग साच्यात जायच्या आधीच ताणून बसलेला असतो, मग जाडीची वाटणी काय डोंबल्याची होणार! बर्फासारखा स्वभाव: एकतर बर्फ, नाहीतर पाणी.

पॉलिस्टायरीनचा स्वभाव गुळासारखा. ढेप उन्हात ठेवली तर आधी मऊ, मग चिकट, मग पातळ, असं पायरीपायरीने होतं. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं आणि पुढे बऱ्याच अंशांपर्यंत कामाजोगं राहतं. हीटरवाल्याला डुलकी लागली तरी सांभाळून घेतं. कारखानदाराला असं प्लास्टिक फार आवडतं आणि सासूला अशी सून.

द्राक्षांचे पारदर्शक डबे बहुतेक पेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. आमच्याकडच्या काळ्या जम्बो द्राक्षांना काचेत ठेवल्यासारखं दाखवणारे तेच. त्याला जास्त वेळ तापवलं तर आत स्फटिक जमतात आणि डबा दुधी होतो. द्राक्षं काळी, डबा दुधी. गिऱ्हाईक मग दोन्हीवर संशय घेतं. पण पेटमध्ये एक मोठा गुण आहे. योग्य तापमानाला ताणलं की त्यातल्या लांबलचक साखळ्या ताणाच्या दिशेने ओळीत उभ्या राहतात आणि ताणलेला भाग उलट घट्ट होतो.

हा गुण कळायला मला जरा वेळ लागला. मग मला आमच्या भाऊबंदकीतली वर्गणी आठवली.

समजा तीन भाऊ आहेत. कार्यासाठी पैसे काढायचेत. धाकट्याने बरेच दिल्यावर तो ठणकावतो, "माझ्याकडचं संपत आलं. आता थोरल्याला धरा." मग लोक थोरल्याकडे जातात, तो थोडे काढतो, मधला थोडे काढतो आणि भार तिघांत वाटला जातो. ताणलं की घट्ट होणारं प्लास्टिक म्हणजे हा धाकटा. जिथे पातळ झालं तिथे ते पुढे ताणू देत नाही, म्हणून ओढ शेजारच्या जाड भागाकडे जाते आणि जाडी बऱ्यापैकी सारखी होते. पण काही घरांत धाकटा इतका भिडस्त असतो की जेवढं देतो तेवढा अजून सैल होतो. लोकांना कळतं, याच्याकडून निघतात. मग सगळे त्याच्याकडूनच काढतात, फाटेपर्यंत. थोरल्याची कड ताठ राहते.

माझ्या ट्रेमध्ये भिडस्त माल भरला होता. पुतण्याने फाटका कोपरा नखाने सोलत सांगितलं की यात भंगारातून परत आलेला दाणा बराच असावा. परत वापरायला हरकत काही नाही, चांगला निवडून, बेताने मिसळला तर चालतो. पण प्लास्टिक जितक्यांदा वितळवावं तितक्या त्याच्या साखळ्या तुटत जातात. शेवयांसारखं आहे ते. लांब शेवया चिमटीत धरून उचलल्या तर एकमेकींत गुंतून झुबकाच वर येतो. चुरा झालेल्या शेवया उचला, बोटांतून गळतात. तुटक्या साखळ्यांची शीट गरम झाल्यावर स्वतःला धरून ठेवू शकत नाही. जिथे जरा जास्त तापली तिथेच जास्त ताणली जाते. त्यात प्लास्टिक उष्णता नेण्यात पक्कं आळशी. घाईने तापवलेली शीट वरून गरम, मधून थंड, म्हणजे मोठ्या आचेवरची भाकरी. ती कुठे किती ताणली जाईल, हे साचा बनवणाराही सांगू शकत नाही.

एव्हाना मासवडी झाली होती. रस्स्याची पहिली वाटी संपल्यावर मी हेडचा शेतकरी असूनही टेलचा प्रश्न विचारला. "यावर उपाय काय?"

"टेल टू हेड," पुतण्या म्हणाला.

पाटबंधाऱ्याच्या कारभारात हा शब्द आम्हाला पाठ आहे. आवर्तन सुटलं की आधी शेवटच्या टोकाला पाणी द्यायचं आणि मग वर वर यायचं. कागदावर ते इतकं सुंदर दिसतं की ते कागदावरून उतरवायला कुणाचं मन होत नाही. पण प्लास्टिकवाल्यांनी ते खरंच अमलात आणलं. हवा ओढायच्या आधी वरून एक ठोकळा गरम शीटला ढकलत कपाच्या बुडाजवळ नेतो. त्याला प्लग म्हणतात. भिंतींना टेकून गारठायच्या आत माल टेलला पोचतो, मग हवा ओढली की बाकीचे आपापला हिस्सा घेतात. हा प्लग थंडगार लोखंडाचा असेल तर शीट त्यालाच टेकून गारठते. मग बूड जाड आणि भिंती पातळ. म्हणून तो उष्णता चटकन न ओढणाऱ्या वस्तूचा करतात. म्हणजे टेलला गरजेपेक्षा जास्त गेल्याची तक्रारसुद्धा या धंद्यात असते. आमच्या कालव्यावर ही तक्रार अजून कुणी नोंदवलेली नाही.

दुसरा उपाय कोपराच काढून टाकायचा. कोपऱ्याला गोलाई दिली की शीटला अडचणीत शिरावं लागत नाही. ही अक्कल आमच्या तालुक्यात जुनी आहे. नाणेघाटात सातवाहनांच्या काळात जकात टाकायला वापरत असं सांगतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. दोन हजार वर्षांत त्याचा कोपरा फाटला नाही, कारण त्याला कोपराच नाही. आणि तो ताणून केलेला नाही, कोरून केलाय. जाडी ठेवायची कुठे आणि काढायची कुठे, हे करणाऱ्याच्या हातात होतं.

जाडी विचारपूर्वक वाटण्याचं आणखी एक उदाहरण त्याहून जवळचं. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक तारेच्या जाळीचा आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो आणि ते म्हणतात, "एवढी मोठी डिश आणि नुसती जाळी?" पण ती जाळीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. मधल्या भागात दहा मिलिमीटरची घरं, पुढे पंधराची, कडेला वीसची. जिथे गरज जास्त तिथे जाळी दाट, जिथे भागतं तिथे विरळ. वजन कमी, वारा आरपार आणि आकाशातला क्षीण इशाराही निसटत नाही. माझ्या ट्रेचा कोपराही पातळ आणि खोडदची कडही विरळ. पण तिथे विरळपणा आधी विचार करून ठेवलाय, माझ्या ट्रेत तो सगळ्यांचं वाटून झाल्यावर उरलाय.

या सगळ्या प्रकरणाने माझी एक सवय मोडली. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून 'मायक्रॉन' हा शब्द आमच्या बाजारात किलो-लिटरइतका रुळला. केंद्राच्या नियमात पिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. पिशवीला तो प्रश्न शोभतो. तिची फिल्म सगळीकडे साधारण सारखीच असते. मीही प्लास्टिकची वस्तू घेताना रुबाबात विचारायचो, "किती मायक्रॉन?" दुकानदारही रुबाबात आकडा सांगायचा. तो आकडा शीटचा असायचा, म्हणजे मुंडावळ्या बांधायच्या आधीच्या नवरदेवाचा. नंतर कोणाचं किती उरलं, ते कोपऱ्याला विचारावं लागतं.

तेव्हापासून मला सगळीकडे कोपरेच दिसतात. लग्नात पहिल्या पंगतीला जिलबी ताटाबाहेर आणि शेवटच्या पंगतीला वाढपी जिलबीची चौकशी करतोय, हे व्हॅक्यूम फॉर्मिंग. गावच्या रस्त्याचं डांबर कमानीपाशी चार बोटं आणि शाळेपाशी डांबराचा नुसता रंग, हेही तेच. उद्घाटनाला येणारे पाहुणे कमानीपाशी उतरतात आणि बुटाने दाबून बघतात. रस्ता जाड निघतो.

या हंगामात मी पुन्हा ट्रे घ्यायला गेलो. दुकानदाराने सवयीने कड पुढे केली. मी ट्रे उलटा केला, उन्हाकडे धरला, चार-पाच कपांच्या बुडाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. पहिल्या ट्रेत तो आरपार गेला. दुसऱ्या जातीच्या ट्रेचा कोपरा दबला आणि परत वर आला. त्याची किंमत जास्त होती. दुकानदार हळहळला, "आत्तापर्यंत कुणी असं बघत नव्हतं हो."

ट्रे घ्यायला जाल तेव्हा कडेला हात लावू नका. तो उलटा करा, उजेडाकडे धरा आणि सगळ्यात शेवटच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवा. अंगठा आपला खराच आहे. त्याला फक्त टेलला न्यायला हवं.